काचेआडची सवत

मनकर्णाच्या गळ्यात लग्नापासून सवत होती. अंगाची हळद निघायच्या आत सासूनं ती काळ्या दोऱ्यात ओवून बांधली. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली, अंगठ्याएवढी बाई. डोक्यावर पदर, एक हात खाली सोडलेला, दुसऱ्या हातात कळी. आसारामची पहिली बायको चांगुणा अंगावरचं पोर मागं ठेवून तापानं गेली. तिच्या नावानं सोनाराकडून हा टाक करून आणला आणि दुसरी येईल तिच्या गळ्यात घालायचा म्हणून देव्हाऱ्यात ठेवला. जामखेडच्या पलीकडं, त्या कोरड्या मुलखात, ही रीत होती. मेलेलीला आधी मान द्यायचा, म्हणजे ती दुसरीच्या संसाराला आडवी येत नाही.

मान म्हणजे सगळ्यातच मान. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग घडी मोडायची. सणावाराला पहिला घास टाकाच्या तोंडाशी न्यायचा. सकाळी आधी टाकाला कुंकू, मग स्वतःला. आसाराम माणूस वाईट नव्हता, त्यानं कधी हात उगारला नाही. पण भाकरीला जरा डाग पडला की ताटातून मान वर न करता म्हणायचा, "चांगुनाची भाकर पापुद्रा धरायची." चांगुणेची भाकरी आता कुणी खाऊन बघणार नव्हतं, त्यामुळं ती दर वर्षी आणखीच चांगली होत गेली.

मनकर्णाला मूल झालं नाही. चांगुणेचा गोरक्ष तोच तिचा. शेळीच्या दुधात बोळा भिजवून तिनं तो वाढवला. मांडीवर घेतला की तो गळ्यातला टाक मुठीत धरून चोखायचा. तेव्हा तीच त्याला सांगायची, "ही बघ, ही तुझी आय." दुसरं काही दाखवायला नव्हतंच. चांगुणेचा फोटो कुणी काढलेला नव्हता. पोरगा मनकर्णाला धाकली म्हणायचा आणि टाकाला आय. गावात त्याचं कौतुक व्हायचं. मनकर्णाही हसायची.

मग आसाराम गेला. बायकांनी मनकर्णाचं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. मंगळसूत्र निघालं, पण काळा दोरा कुणी काढेना. सासू तेव्हा होती. ती म्हणाली, "तुझं पुसलं म्हनून तिचं कशापायी पुसायचं? ती सवाशीन गेलीय." त्यानंतर रोज सकाळी पांढऱ्या कपाळाची मनकर्णा गळ्यातल्या सवतीला कुंकू लावू लागली. पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला सवाष्ण मेलेल्या बायांचा मान असतो, तेव्हा पुरणाचा घासही तिला. आपल्यामागं असलं काही होणार नाही, हे मनकर्णाला समजत होतं. आपल्याला जो काही घास मिळेल तो गोरक्षाच्या हातचा, जिवंतपणी मिळेल तेवढाच. त्याच्याशिवाय तिला कुणी नव्हतं.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. गोरक्ष चुलत्याच्या टोळीबरोबर ऊस तोडायला साखर कारखान्याकडं गेला. मनकर्णानं दुष्काळी कामावर खडी फोडली, पण कंबर धरली. तिच्या माहेरच्या नात्यातला कारभारी नावाचा एक जण नगरच्या एका संग्रहालयात शिपाई होता. त्यानं साहेबांना सांगून तिला झाडलोटीला लावलं आणि राहायला भिंगारमध्ये आपल्या शेजारची खोली बघून दिली. निघताना गोरक्ष म्हणाला होता, "आयला संभाळ गं."

"तिला काय होतंय? मला संभाळ म्हन की कुनाला तरी," मनकर्णा म्हणाली. पोरगा हसला. तिनं ते थट्टेनं म्हटलं असं त्याला वाटलं.

संग्रहालय जुन्या कचेरीच्या दगडी इमारतीत होतं. कारभारीनं पहिल्या दिवशी तिला सगळीकडं हिंडवलं. व्हरांड्यात दगड ओळीनं उभे होते.

"ह्यो वीरगळ. खालनं वर बघायचं. खाली मरून पडलाय, गाया सोडवाया गेल्ता. मधी अप्सरा त्याला उचलून नेत्यात. वर म्हादेवाम्होरं हात जोडून बसलाय."

"आन बायकू?"

"ती ह्या दगडावर."

त्या दगडावर बाई नव्हतीच. कोपरात वाकलेला एक हात होता, मनगटभर बांगड्या, आणि वर चंद्र-सूर्य. "सती गेली," कारभारी म्हणाला. मनकर्णानं तो हात निरखून पाहिला. दगड झिजला होता, पण बांगडी न् बांगडी मोजून घ्यावी अशी सुटी दिसत होती. "बाई समदी गेली, बांगड्या तेवढ्या ऱ्हायल्या," ती म्हणाली.

आतल्या दालनात चित्रं होती. पंजाएवढ्या कागदावर कुणी शहाजादा फूल हुंगत उभा होता. अंगातला जामा इतका झिरझिरीत काढलेला, की त्यातून आतल्या सुरवारीचा केशरी रंग दिसत होता. पायाशी मुंगीएवढाली गवताची फुलं. कारभारीच्या मते त्या माणसाला सर्दी झाली होती आणि वास येतोय का ते तो बघत होता. शेजारी काचेवरचं चित्र. बाई आरसा धरून बसलेली, नाकात नथ, गळ्यात मोत्यांचे पदर. ते काचेच्या मागून रंगवलेलं असल्यानं मोती आधी आणि अंग मागाहून काढलं होतं. मागचा रंग सुटत आला होता, आणि बाईच्या गालातून पाठीमागचा पुठ्ठा दिसत होता. एका पेटीत लाखेचा रंग दिलेल्या गोल पत्ते, म्हणजे गंजिफा, त्यांवर दशावतार, मत्स्याचा डोळा मोहरीएवढा. दुसरीत निळ्या पक्ष्यांची चिनी बशी. पाया खणताना ती तुकड्यातुकड्यांनी निघाली होती. सांधताना एक तुकडा मिळालाच नाही, तिथं पांढरं प्लास्टर भरलं होतं. त्यामुळं एका पक्ष्याला मान नव्हती आणि तरी तो उडत होता. भिंतीवर एका सरदाराचं काळं पडलेलं तैलचित्र होतं. कुठंही उभं राहिलं तरी तो बघतोच, म्हणून कारभारी त्याच्यासमोर विडी ओढत नसे.

मनकर्णाला मनापासून आवडली ती पितळेची दीपलक्ष्मी. कमरेएवढी बाई, दोन्ही हातांत पणती धरून उभी. नाकीडोळी चांगली, पण खांदे थोडे पुढं आलेले. "बसली न्हाई व्हय कंदी ही?" मनकर्णानं विचारलं.

"तू बसलीस का?" कारभारी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तिच्या हातून चूक झाली. व्हरांड्यातल्या देवीच्या मूर्तीवर तिनं बादलीभर पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीनं घासली आणि मळवट भरला. संग्रहालयाचे अभिरक्षक मुळेसाहेब धावत आले. सरळ माणूस, आवाज चढवायचा नाही. ते म्हणाले, "मनकर्णाबाई, हे देव नाहीत आता. इथं आल्यावर ही वस्तू झाली. वस्तूला पाणी नाही, कुंकू नाही, हात जोडायचे नाहीत. कोरड्या फडक्यानं धूळ काढायची, एवढंच."

साहेबांनी सांगितलं ते दगड खराब होऊ नये म्हणून. मनकर्णाच्या डोक्यात ते वेगळं बसलं. इथं उंबऱ्याच्या आत घेतलं की देवाचं देवपण जातं, भुताचं भूतपण जातं. एवढी मोठी देवी, तीसुद्धा फडक्याची धनी झाली. ती कितीतरी दिवस झाडता झाडता ह्यावर विचार करत होती.

हिवाळ्यात साहेब गावाकडच्या वस्तूंचं नवं दालन मांडू लागले. एकदा पेटी पुसताना मनकर्णा वाकली आणि गळ्यातला टाक सुटून काचेवर वाजला. साहेबांनी वळून पाहिलं.

"हा कुणाचा टाक?"

"सवत हाय माझी."

साहेबांना हसू आलं नाही, हे मनकर्णाला बरं वाटलं. त्यांनी तिला टेबलाशी बोलावलं आणि खण ओढला. आत टाकच टाक होते. खंडोबा, भैरोबा, देवी, घोड्यावरचे पूर्वज आणि बाया. त्यातली एक त्यांनी तिच्या हातावर ठेवली. तोच पदर, त्याच निऱ्या, तीच कळी. मनकर्णानं आपला टाक तिच्याशेजारी धरला. दोघी सारख्या होत्या.

"एका ठशावरच्या आहेत," साहेब म्हणाले. "सोनाराकडं पितळेचा ठसा असतो. त्यावर पत्रा ठेवून ठोकतात. बाई कुणीही असो, ठसा तोच."

इतकी वर्षं आधी जिला लुगडं लावलं, जिच्या तोंडाशी घास नेला, ती चांगुणासुद्धा नव्हती. कुठल्या सोनाराच्या पेटीतली कोण बाई होती ती?

"मी द्या म्हणणार नाही," साहेब म्हणाले. "पण गळ्यात घालायचा टाक आमच्याकडं एकही नाही. लोक देत नाहीत. तुम्ही विचार करा."

"हितं दिल्यावर तिला निवद लागंल?"

"छे."

"कुक्कू?"

"अजिबात नाही. चांदी खराब होते त्यानं."

दुपारी भाकरी खाताना तिनं कारभारीला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. "पोराला इचार आधी."

"पोराच्या गळ्यात हाय का माझ्या?"

"तसं न्हवं गं. त्येची आय हाय ती."

"ठसा हाय. सायबांनी दावलाय मला. अन् आय म्हनशील तर बोळ्यानं दूध कुनी पाजलं?"

दुसऱ्या दिवशी मनकर्णानं साहेबांपुढं मान वाकवून दोरा काढला आणि कागदावर अंगठा दिला. त्याच सुमाराला तिचं रोजंदारीचं काम कायम झालं. साहेबांनी त्याची शिफारस आधीच केली होती. ह्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण ते सिद्ध करून दाखवायला तिच्याकडं काय होतं?

गळा इतका हलका झाला की काही दिवस तिचा हात आपसूक तिथं जायचा. संक्रांतीला तिनं खोलीत एकटीनं तिळगूळ केला आणि पहिला तुकडा आधी स्वतःच्या तोंडात टाकला. दार लावून घेतलं होतं. चोरून खाल्ल्यासारखा लागला, पण गोड लागला.

नवं दालन उघडलं. सवतीला निळ्या मखमलीवर ठेवलं होतं, वरून दिवा सोडला होता. भिंगारच्या मनकर्णाच्या खोलीत रॉकेलची चिमणी होती. पेटीखालची पाटी कारभारीनं वाचून दाखवली : "टाक, चांदी. मृत प्रथम पत्नीच्या स्मरणार्थ द्वितीय पत्नीने गळ्यात धारण करावयाचा. दक्षिण नगर जिल्हा."

"दितीय म्हंजी?"

"तू."

"नाव हाय?"

"न्हाई. दितीय एवढंच."

इथं आली की वस्तू होते, हे साहेबांचं म्हणणं खोटं ठरलं. शहाजाद्यापाशी थांबत नसत ते लोक टाकापाशी थांबू लागले. शाळेच्या मास्तरणी पोरींना उभं करून माहिती सांगत. कर्जतकडच्या बाया यायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या, काचेला कपाळ लावायच्या. कुणी पेटीवर नाणं ठेवून जाई. आधी घरातल्या घरात मान होता, तो आता चारचौघांत होऊ लागला. आणि रोज सकाळी दार उघडायच्या आधी मनकर्णा त्या पेटीसमोर गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्यानं काच पुसत होती. आतली बाई दिव्याखाली चकचकीत, तिच्या हातातली कळी अजून उमललेली नव्हती. मनकर्णाच्या हातांना भेगा पडल्या होत्या.

चैत्रात कारखाना बंद झाला आणि गोरक्ष आला. खोलीवर न जाता तो थेट संग्रहालयात आला. हातात काकवीची बाटली, अंगावर उसाच्या पानांचे ओरखडे, तोंडभर हसू.

"धाकले, चुलत्यानं पोरगी बघितली. वैशाखात लगीन हाय. तू पुढं हो, समदं तुलाच करायचं."

मनकर्णाचे डोळे भरून आले. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"आन आयला दे," तो म्हणाला. "जाता जाता सोनाराकडं उजळाया टाकतो. देवाबरूबर पाटावर बसवायची. सून आधी तिच्या पाया पडंल, मग तुझ्या."

तिकडं लग्नाआधी घरातले देव सोनाराकडून उजळून आणतात. हे मनकर्णाच्या ध्यानात कसं नव्हतं, कोण जाणे. होतंही, पण गोरक्षाचं लग्न ह्या दुष्काळात होईल असं तिनं धरलं नव्हतं. ती त्याला नव्या दालनात घेऊन गेली.

पोरगा बघतच राहिला. मग हसला. "लई झाक ठिवलीय गं! जपून ऱ्हावी म्हनून व्हय? काढ की आता."

"न्हाई निघायची. दिली म्या."

"दिली? कुनाला?"

"हितं. कायमची."

त्याचं हसू एकदम गेलं नाही. थोडं तोंडावर तसंच राहिलं, ते बघवत नव्हतं. मनकर्णा घाईनं बोलू लागली. "गोरख्या, ऐक. ती तुझी आय न्हवंच रं. सोनाराचा ठसा हाय. हितं खनात आनखी एक तशीच हाय, बघ तू. त्ये तोंड चांगुनाचं न्हाई."

"मला तेच तोंड ठावं हाय," गोरक्ष म्हणाला. "तूच दावलंस."

तेवढ्यात गोरक्षाची नजर तिच्या अंगावरच्या खाकी काठाच्या लुगड्यावर गेली. कायम झालेल्या बायांना तसलं लुगडं मिळायचं.

"काम कायम झालं व्हय तुझं?"

"झालं. पन त्येचा हिच्याशी..."

"आय देऊन काम घेतलंस."

"न्हाई रं. घाल म्हनशील त्या देवाची आन घालते. फुकट दिली म्या."

हे तिच्या तोंडून गेलं आणि ते किती वाईट आहे ते तिला बोलल्यावर कळलं. गोरक्षानं काकवीची बाटली पेटीच्या पायाशी ठेवली, कुणापुढं ठेवली ते सांगता येणार नाही, आणि तो बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला.

मनकर्णा मुळेसाहेबांकडं गेली. निदान लग्नापुरती द्या, पाया धरते, म्हणाली. साहेबांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी संग्रहालयाच्या मंडळाला विचारून पाहिलं. दाखल झालेली वस्तू इमारतीबाहेर जाऊ शकत नाही, असं उत्तर आलं. एकदा दिली तर उद्या सगळेच देव मागायला येतील. साहेबांनी गोरक्षाला बोलावून समजावलं. पोरगा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी त्याचं काहीतरी समाधान व्हावं म्हणून साहेबांना एक सुचलं. त्यांनी पाटी बदलून घेतली. नवी पाटी कारभारीनं वाचली, ती नाइलाजानं, मनकर्णानं दोनदा विचारलं म्हणून.

"कै. सौ. चांगुणा आसाराम भोरे यांचा टाक. चिरंजीव गोरक्ष यांजकडून."

"आन दितीय?"

"ते काढलं. जागा पुरंना."

वैशाखात लग्न झालं. मनकर्णाला बोलावणं आलं नाही. जामखेडच्या गाडीनं आलेल्या एका गाववाल्यानं भिंगारच्या बाजारात सांगितलं, की पाटावर टाकाच्या जागी सुपारी मांडली होती. मांडवात कुणी मनकर्णाचं नाव काढलं, तर गोरक्ष उठून बाहेर गेला. कारभारी म्हणाला, "राग हाय, उतरंल." मनकर्णानंही तसंच धरलं होतं. सून आली की ती समजावील, मग नातवंडं होतील. त्या आशेवर तिनं काकवीची बाटली उघडली नव्हती.

आणि एका सकाळी ती दोघं आली. गोरक्ष पटका बांधून, मागं बारकी पोरगी, हातावर हळदीचा पिवळा रंग अजून होता. मनकर्णा दीपलक्ष्मीचे खांदे पुसत होती. ती फडकं तसंच धरून पुढं झाली. गोरक्ष तिच्या बाजूनं, खांबाला वळसा घालावा तसा, पुढं गेला आणि पेटीसमोर उभा राहिला.

"ही आय," तो बायकोला म्हणाला.

पोरीनं पदर सावरला. ओटीतून कुंकवाची पुडी काढून काचेवर, आतल्या बाईच्या कपाळासमोर, बोट टेकवलं. वाकून नमस्कार केला. उठली तशी तिला मनकर्णा दिसली. वडीलधारी बाई दिसली की पाया पडायचं, एवढं तिला माहेरी शिकवलं होतं. ती पुढं आली आणि अर्धी वाकून नवऱ्याकडं पाहत थांबली.

"ह्या कोन?"

गोरक्षानं मनकर्णाकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पाहिलं.

"आयची राखन करत्यात," तो म्हणाला. "चल, गाडी जाईल."

पोरगी तशीच सरळ झाली. दोघं व्हरांड्यातून, त्या बांगड्यांच्या हातावरून, वीरगळावरून बाहेर गेली. कारभारी दारात होता. त्यानं गोरक्षाला हाक मारली, पण तो थांबला नाही.

कारभारी आत आला. बराच वेळ उगाच इकडंतिकडं करत राहिला. मग हळू म्हणाला, "मनकर्णा, काच पूस. सायेब येतील."

ती पेटीसमोर गुडघ्यांवर बसली. कोरड्या फडक्यानं कुंकू निघेना, नुसतं पसरलं, आणि आतल्या बाईचा सगळा चेहरा लाल झाला. मग तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि काच स्वच्छ होईपर्यंत पुसत राहिली.